धन्य आहेस गो बाय!

मालन सिस्टरचं नाव काढलं की रत्नागिरीतली निम्मी माणसं अजून दंड चोळतात. तीस वर्षं बाईंनी गावाला सुया टोचल्या. निवृत्त झाल्या, पण 'सिस्टर' काही सुटलं नाही. चर्चमधल्या संडे स्कूलमध्ये त्या बायबल शिकवतात, तिथली पोरंही त्यांना सिस्टरच म्हणतात. नवखा माणूस त्यांना नन समजतो आणि शेजारी पान चघळणारे सुहासराव 'मी यांचा नवरा' म्हणाले की चक्रावतो.

देवाच्या कृपेनं सिस्टरना सगळं मिळालं होतं. एक सोडून. ढाल! जिल्ह्यातल्या संडे स्कूलांच्या पाठांतर स्पर्धेची फिरती ढाल. अकरा वर्षं ती मेली दापोलीला गेली, चिपळूणला गेली, रत्नागिरीची वाट तिला कधी सापडली नाही. तरी स्पर्धेच्या आदल्या दिवशी सिस्टर चर्चमधल्या कपाटाची वरची फळी दर वर्षी पुसून ठेवायच्या.

"आता त्या फळीलाच बक्षीस द्या," सुहासराव म्हणायचे.

"तुम्ही गप बसा हो!"

यंदा पाठांतराला येशूचा डोंगरावरचा उपदेश होता, खरोखर धन्य कोण ते सांगणारा. आणि सिस्टरच्या हाती सानिका लागली होती. रिक्षावाल्या निलेशची सात वर्षांची पोर. पाठांतर पक्कं, तोंड त्याहून पक्कं.

"धन्य म्हणजे काय, कोण सांगेल?" सिस्टरनी वर्गात विचारलं.

सानिकाचा हात वर. "मी आहे धन्य, सिस्टर. आई रोज म्हणते. काल दूध सांडलं तेव्हा तर दोनदा म्हणाली."

पोरं खो खो हसली. सिस्टरनाही हसू आवरेना.

"अगो, ते आईचं धन्य. येशूचं निराळं. तुला नवी सायकल मिळाली तर आनंद होईल ना? आणि ती मोडली की?"

"जाईल."

"जो असा जात नाही, तो खरा. पदरी काही नसो, डोळ्यांत पाणी असो, तरी देव आपला आहे म्हणून मन शांत असतं, आणि दुसऱ्याचे डोळे पुसायला हात पुढे होतो. अशा माणसाला येशू धन्य म्हणाला." सिस्टर स्वतःवरच खूश झाल्या. लगेच म्हणाल्या, "हां, आता उच्चार नीट कर बघू. ढाल आणायचीय."

स्पर्धा रत्नागिरीतच होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच नियम सांगितला: खालून कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या शाळेचे पाच गुण कापणार. सानिकानं एकही शब्द न चुकता सगळं घडाघडा म्हटलं. हॉलभर टाळ्या! सिस्टरनी सुहासरावांना कोपरानं ढोसलं.

मग दापोलीची रेणुका उभी राहिली. एवढीशी पोर, पहिली ओळ म्हटली आणि दुसरीवर अडकली. शोक करणाऱ्यांचं सांत्वन होईल, ती ओळ. आठवेना, आठवेना, आणि पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुढच्या बाकावर सानिकाची चुळबुळ सुरू झाली. तिनं वळून पाहिलं. सिस्टरनी डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं. सानिकानं पुन्हा रेणुकाकडे पाहिलं, उभी राहिली आणि ती ओळ मोठ्यानं म्हणून मोकळी झाली.

पाच गुण गेले. ढाल चिपळूणनं नेली.

सिस्टरचा पारा असा चढला म्हणता! बाहेर आंब्याखाली त्यांनी सानिकाला गाठलं.

"नियम ऐकला नव्हतास?"

"ऐकलेला."

"मी खुणावत होते ते दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"ती रडत होती ना, सिस्टर. आणि तिची ओळ पण रडणाऱ्यांचीच होती."

"धन्य आहेस गो बाय!" सिस्टरनी कपाळावर हात मारून घेतला.

सानिकानं मान खाली घातली. मग हळूच वर बघत विचारलं, "सिस्टर, हे आईचं धन्य की येशूचं?"

सिस्टरनी तोंड उघडलं. 'आईचं' अगदी जिभेवर होतं. पण मागून रेणुका आली, तिनं सानिकाचा हात धरला, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. सिस्टरना स्वतःची लाज वाटली. शिकवलं आपणच, आणि लक्ष सगळं त्या फळीवर!

"येशूचं गो," त्या म्हणाल्या. "आईचं ते मला म्हण."