चुन्याखालची पिवळी रेघ

हे कुणी वाचलंच तर आधी माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ जमत नाही आणि अक्षर चिखलातून चाललेल्या कोंबडीसारखं आहे. फुटक्या भांड्याला जोडायला लावतात तो डाख लिहायचा की डाग, हेही ठरवता येत नाही. आणि सांगायचं आहे ते नेमकं त्याचंच.

आणीबाणीच्या आधी आम्ही भिवंडीत एक जुना लूम घेतला. पैसे मोठ्या जाऊबाईंनी उसने दिले, गावी अंजूरला गवत विकून साठवलेले. घरधनी दुसऱ्याच्या कारखान्यात ड्युटी करायचे, ती त्यांनी सोडली. दुसऱ्याच महिन्यात लूमच्या बाजूच्या चौकटीला पायाजवळ तडा गेला. नवी चौकट घ्यायला पैसे नव्हते. लूम भंगारात गेला असता, आणि जाऊबाईंचे पैसेही.

चौकट हातगाडीवर घालून आम्ही वेल्डिंगवाल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. गाडीला मागून धरायला मी. मिस्त्रीने तडा बघितला. म्हणाला, "ये बीड है. डरपोक लोहा. पीतल से जोड़ना पड़ेगा."

त्याने पितळेची कांडी वितळवली. थेंब बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, चौकटीवर पडला आणि अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गडगडत खाली गेला. "बरसों तेल पिया है इसने, पकड़ेगा कैसे?" मग त्याने आच देऊन तेल जाळलं, कानस मारली, टाकणखार भुरभुरवला. मुलांचं तोंड आलं की आम्ही मधातून लावतो, तोच टाकणखार. आता मात्र पितळ पसरलं आणि आपणहून फटीत शिरलं.

घरधन्यांना घाई. त्यांनी पाण्याची बादली उचलली.

"अरे रुको!" मिस्त्री ओरडला. "फट जाएगा! जोड़ नहीं, जोड़ के बाजूवाला लोहा. कल तक गरम राख में रहने दो."

"उद्याची शिफ्ट बुडंल की," घरधनी म्हणाले.

परक्या पुरुषासमोर मी कधी बोलत नसे. "बुडू दे," मी म्हटलं. पदराआडून म्हटलं, पण दोघांनी ऐकलं.

लूम पुन्हा चालला, पण मला चैन पडेना. मी शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची आणि कान चौकटीकडे. आवाज जरा बदलला की हातातलं सूत तुटायचं. पितळ एका जातीचं, बीड दुसऱ्या जातीचं. तापल्यावर दोघं सारखी फुगतात का? दिवसभर हादरे खाऊन आधी कोण कंटाळेल? शेवटी घरधन्यांकडून मिस्त्रीला विचारलं. त्याने सांगून पाठवलं, जोडावर आणि आजूबाजूला चुना लाव. तडा गेला तर त्यातून तेल वर येईल, पांढऱ्यावर काळा केस दिसेल.

घरधन्यांच्या तंबाखूच्या डबीतला चुना मी बोटाने लावू लागले. रोज सकाळी बघायची.

जाऊबाई आल्या तेव्हा निम्मा चुना झडला होता. "काय गो, ही पिवली रेघ कसली? लूमला हलद लावलीस?"

घरधनी म्हणाले, "वयनी, लोखंडाचं पितळेशी लगीन लावलंय."

"आनि वर चुना? मला चुना लावू नको म्हनजे झालं."

सगळे हसले. त्याही हसल्या, पण जाताना रेघेवरून अंगठा फिरवून गेल्या. मला ते हसणं फार दिवस टोचलं.

एका सकाळी चुन्यावर खरंच काळी रेघ दिसली. "बंद करा!" मी इतकी जोरात ओरडले की शेजारचे कारागीरही थांबले. घरधन्यांनी वाकून नखाने रेघ उचलली. तेलात भिजलेला सुताचा धागा होता.

"तडा सापडला रे, बांधून घ्या पुडीत!" कुणीतरी ओरडलं. मी तोंड लपवून कांड्यांकडे गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुना लावला.

दर महिन्याला थोडे थोडे पैसे अंजूरला जात होते. शेवटचे द्यायला मी स्वतः गेले. जाऊबाईंनी ओट्यावर बसून बोटाला थुंकी लावत दोनदा मोजले.

"रेघ हाय अजून?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"फुटली न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी नोटा कनवटीला खोचल्या. "मंग फिटलं गो सगलं," त्या म्हणाल्या.