निम्मी टोळी सोडायची नाही

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हिंदुराव देवकर येरळेच्या पुलाच्या तोंडाशी उभा होता. हिरवा झेंडा वर, लाल झेंडा काखेत. तासगावहून कराडकडं जाणारी पहिली एस.टी. पुलावर चढली, ड्रायव्हरनं दोन बोटं कपाळाला लावली आणि गाडी धुक्यात पलीकडं गेली. हिंदुरावनं झेंडे बदलले आणि मागं वळून पाहिलं. भरावाच्या रस्त्यावर उसानं भरलेल्या बैलगाड्या चुन्याच्या रेघेला धरून उभ्या होत्या. रेघ त्यानंच मारून घेतली होती.

हा जानेवारी १९६६चा सोमवार. गळीत हंगाम भरात आलेला. पूल अरुंद, एका वेळी एकच वाहन जाईल एवढा. अलीकडं तासगावच्या बाजूचा भराव, पलीकडं थोड्या अंतरावर कारखान्याचा गाडीतळ. शेतातल्या गाड्या दोन गाडीवाटांनी भरावावर चढायच्या. एक वाट पुलापासून हाकेच्या अंतरावर म्हसोबाच्या फाट्याला लागायची, दुसरी ओढ्याच्या फाट्याला. पूर्वी ज्याचे बैल दमदार तो आधी घुसायचा आणि एस.टी. त्या बैलांच्या शेपट्या मोजत मागून यायची.

हिंदुराव कुंडलचा. फौजेत भरती झाला तेव्हा गाव औंध संस्थानात होतं. पेन्शनीत परतला तेव्हा सांगली जिल्ह्यात. मधली वीस वर्षं मिलिटरी पोलिसात गेली, त्यातली शेवटची डोंगरातल्या एकेरी रस्त्यांवर. तिथं ट्रकांचे काफिले सोडायचे. जवान त्याला कानवाई म्हणत. एक खालून, एक वरून, समोरासमोर कधी आणायचे नाहीत. परतल्यावर भावाबरोबर शेतीत दीड वर्ष काढलं, पण जीव रमेना. ऊस ओळीत उभा असतो खरा, पण सोडा म्हटलं तरी हलत नाही. शेवटी तो स्वतः कारखान्यात गेला आणि म्हणाला, "पूल माझ्याकडं द्या."

पूल त्याला मिळाला. त्यानं फौजेतली पद्धत बसवली. चुन्याच्या रेघेच्या डावीकडं बैलगाड्या. उजवीकडची पट्टी एस.टी., दूध आणि मिरजेच्या दवाखान्याला निघालेला पेशंट यांच्यासाठी कायम मोकळी. लोकांनी तिचं नाव ठेवलं यष्टीची वाट. दोन्ही फाट्यांवर झेंडेवाला. हिरवा दिसल्याशिवाय शेतातली गाडी रस्त्यावर चढवायची नाही, आणि चढवायच्या त्या एका वेळी दहाच.

कागदावर सगळं ठीक होतं. रस्त्यावर मात्र काहीतरी चुकत होतं. शनिवारी तर कहर झाला. सोडलेल्या दहा गाड्या पूल ओलांडून गेल्या आणि गाडीतळात न वळता पलीकडं भर रस्त्यात उभ्या राहिल्या. हिंदुराव शिट्टी फुंकून लाल झाला. एक बैल हलला नाही. कराडची एस.टी. त्यांच्यासमोर, तासगावची पुलाच्या अलीकडं, दोन्ही तासाच्या वर अडकल्या. संध्याकाळी रस्ते खात्याच्या साहेबांचा निरोप आला. पुन्हा एकदा एस.टी. अर्ध्या तासाच्या वर अडकली, तर उरलेला हंगाम बैलगाड्यांना पुलावर बंदी.

बंदी म्हणजे नदीतली जुनी वाट. वाळूत भरलेली गाडी ओढताना बैल गुडघे टेकतात. पुलावरून दिवसाला दोन खेपा करणारी ऊसतोड्यांची टोळी नदीतून एक करील, तीही बैलांच्या खांद्याची साल काढून. हिंदुरावला याची पूर्ण कल्पना होती. पूल मागून घेणारा तोच होता, म्हणून बंदी आली तर ती त्याच्याच नावानं ओळखली जाणार होती.

धुकं उतरायला लागलं तशी आक्काताई चालत पुढं आली. आटपाडीकडच्या चौदा गाड्यांच्या टोळीची ती कारभारीण. मुकादम तिचा नवरा हरिबा, पण हरिबा बोलायचा कमी आणि टोळी ऐकायची हिचं.

"हवालदार, आज कितीत कापनार आमाला?"

"दहा-दहात. हुकूम आहे."

"कुनाचा?"

"माझा."

"मग बरं झालं. दुसऱ्याचा असता तर बदलायला सांगलीला जावं लागलं असतं."

म्हसोबाच्या फाट्यावरचा झेंडेवाला कोंडीबा फसकन हसला. हिंदुरावनं त्याच्याकडं पाहिलं तसा तो झेंडा झटकायला लागला.

"शनिवारी तुमची माणसं पलीकडं रस्त्यात का थांबली?" हिंदुरावनं विचारलं. "मुद्दाम?"

"मुद्दाम कशाला? चार गाड्या तुमी हितं फाट्यावर अडीवल्या. गाडीतळाच्या दारात टोळी मोजून घेत्यात आन् मग नंबर देत्यात. टोळी पुरी नसंल तर नंबर न्हाई. आत जाऊन करायचं काय? मागनं आलेली पुरी टोळी आमच्या डोक्यावरनं वजनाच्या काट्याला जानार. आन् पेंड, पीठ, तवा समदं शेवटच्या गाडीत. बैल उपाशी, मानसं उपाशी. म्हनून थांबलो."

"हे आधी कुणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं कवा? तुमी शिट्टी फुकत हुता. आवं हवालदार, लष्करात जेवायला बसल्यावर निम्मी पंगत उठवत हुता व्हय?"

 डोंगरात प्रत्येक ट्रक सुटा होता. मागं राहिलेला पुढच्या कानवाईत जायचा, त्यानं कुणाचं बिघडत नसे. दहाचा आकडा हिंदुरावनं तिथूनच उचलून आणला होता आणि दोन महिने तो रोज टोळ्यांचे तुकडे करून पलीकडं रस्त्यात पेरत होता. गाडीवानांना त्यानं हट्टी ठरवलं होतं.

त्याला पुढं विचार करायला वेळ मिळाला नाही. कराडकडून गुळाच्या ढेपा भरलेला एक ट्रक पुलावरून उतरला आणि अलीकडच्या तोंडाशी, नेमका यष्टीच्या वाटेवर, काडकन आवाज करून मागच्या अंगाला बसला. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून पाहिलं आणि डोक्यावरचा रुमाल काढला.

"अ‍ॅक्सल गेला."

"किती वेळ?"

"नवा सांगलीत मिळंल. संध्याकाळ धरा."

मोकळी पट्टी बंद झाली. पुलावर चढायला उरली फक्त बैलगाड्यांची बाजू. त्या बाजूला आक्काताईच्या टोळीच्या दहा गाड्या रेघेला लागून उभ्या होत्या आणि चार म्हसोबाच्या फाट्यावर, कोंडीबाच्या लाल झेंड्यामागं. तेवढ्यात तासगावकडून साडेसातची एस.टी. येऊन ट्रकसमोर थांबली. आत कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं, भाजीच्या पाट्या, कोंबड्या. हिंदुरावनं घड्याळ पाहिलं. अर्धा तास सुरू झाला होता.

शनिवारी त्यानं काय केलं असतं ते त्याला ठाऊक होतं. दहा पुढं काढायच्या, मग एस.टी., मग चार. आणि दहा गाड्या पलीकडं जाऊन पुन्हा रस्त्यातच उभ्या राहिल्या असत्या.

"कोंडीबा, हिरवा दाखव. चारीच्या चारी चढू देत."

"यष्टी थांबलीया की!"

"थांबू दे. आक्काताई, चौदाच्या चौदा एका दमात. पुलावर थांबायचं नाही, दारापर्यंत कासरा ओढायचा नाही."

"आता बोललासा," म्हणत ती लुगडं खोचून पळत सुटली. "हरिबा, हाक! कोन मागं ऱ्हाईल त्याला आज भाकरी न्हाई!"

गाड्या हलल्या. एस.टी.तले लोक खिडक्यांतून बाहेर डोकावले. आधी हॉर्न, मग शिव्या.

"हवालदार, यष्टीलाच बैल जुपा, मग तरी सोडशीला!"

"ह्याला काय बैलांनी पगार दिलाय का रं?"

कंडक्टर खाली उतरून हिंदुरावसमोर उभा राहिला. "लेट झाल्याचं तुमच्या नावावर लिहितो."

"लिहा. पण दहा मिनिटं थांबून लिहा, म्हणजे आकडा बरोबर येईल."

चौदावी गाडी पुलावर चढली. हिंदुराव कठड्याला हात लावून पलीकडं बघत राहिला. पहिली गाडी रस्त्यावर थांबली असती तर त्याचा पूल तिथंच संपला असता. ती थांबली नाही. गाडीतळाकडं वळली, तिच्यामागं दुसरी, तिसरी, साखळी ओढल्यासारखी सगळी टोळी दारातून आत गेली. पलीकडचा रस्ता रिकामा. हंगाम सुरू झाल्यापासून तो रस्ता या वेळेला इतका रिकामा हिंदुरावनं पाहिला नव्हता.

त्यानं हिरवा झेंडा फिरवला. एस.टी. ट्रकला वळसा घालून बैलगाड्यांच्या बाजूनं पुलावर चढली. शिव्या देणाऱ्यांतला एक जण खिडकीतून ओरडला, "आयला, जमलं की गड्या!" तिच्यामागून कराडकडची एस.टी. अलीकडं घेतली. नंतर ओढ्याच्या फाट्यावरची बिराप्पाची टोळी. बिराप्पा जतकडचा, बैलांशी कानडीत बोलायचा. त्याच्या गाड्या बावीस, त्याही अखंड.

एक अडचण उरली. फाट्यावरच्या झेंडेवाल्याला टोळी कुठं संपते ते कळायचं कसं? उसानं भरलेल्या सगळ्या गाड्या एकसारख्याच. आक्काताई टोळी काट्यावर लावून परत आली होती. तिनं रस्त्याकडेच्या लिंबाचा डहाळा मोडला.

"हे शेवटच्या गाडीला मागं बांदा. डहाळा दिसला की टोळी सपली."

"आन् मागच्या टोळीच्या बैलानं खाल्ला तर?" कोंडीबानं विचारलं.

"कडुलिंब हाय. एकदा खाऊ दे, पुन्हा खायाचा न्हाई. तुज्यागत न्हवं, रोज बोलनी खाऊन पुन्हा तोंड घालायला."

दिवसभर तसंच चाललं. एक टोळी, मग इकडची एस.टी., मग तिकडची, मग दुसऱ्या फाट्यावरची टोळी. साडेसातची एस.टी. बावीस मिनिटं उशिरा सुटली. त्यानंतरची एकही त्याच्या निम्म्यानंही थांबली नाही. दुपारी वाळव्याकडून एका बाळंतिणीला घेऊन जीप आली, तेव्हा हिंदुरावनं दोन टोळ्यांच्या मधल्या जागेतून ती अशी काढली की ड्रायव्हरला गिअरही बदलावा लागला नाही. सांगलीहून अ‍ॅक्सल आला, ट्रक उभा राहिला, दिवेलागणीला निघूनही गेला. निघताना ड्रायव्हरनं गुळाची एक ढेप कठड्यावर ठेवली. कोंडीबानं ती फोडून दोन्ही फाट्यांवर वाटली. काट्यावरच्या माणसानं सांगितलं की एका दिवसात एवढ्या टोळ्या पूल ओलांडून आल्याचं या हंगामात घडलं नव्हतं, आणि तेही रस्ता निम्मा बंद असताना.

संध्याकाळी रिकाम्या गाड्या परत निघाल्या. गाड्यांत बैलांसाठी उसाच्या शेंड्यांचं वाडं, वर पाय सोडून बसलेली माणसं. आक्काताईची गाडी हिंदुरावजवळ आली तशी तिनं कासरा आवळला.

"काय हवालदार, उद्या कितीत कापनार?"

"कापणं बंद. निम्मी टोळी सोडायची नाही."

"कुनाचा हुकूम?"

"माझाच."

"मग ऱ्हाऊ द्या. ह्यो बदलू नगा." टोळीतली माणसं हसली. कुणीतरी शिट्टी वाजवली, अगदी हिंदुरावसारखी, लांब आणि तोऱ्यात. हिंदुरावही हसला. कोंडीबानं त्याचे दात पहिल्यांदा पाहिले ते तेव्हा.

बुधवारी रस्त्याचे साहेब स्वतः आले. कठड्याला टेकून त्यांनी चार टोळ्या आणि पाच एस.टी. जाताना पाहिल्या. मग हिंदुरावला जवळ बोलावलं आणि विचारलं, नदीतल्या वाळूतून येणाऱ्या खानापूरकडच्या टोळ्याही या पुलावर घेता येतील का?

"किती आहेत?"

"तीन."

"पुऱ्या येतील तर घेईन," हिंदुराव म्हणाला.

बंदीचा विषय तिथंच संपला. संध्याकाळी त्यानं दोन्ही झेंडेवाल्यांना पाळी सांगून ठेवली. खानापूरची पहिली टोळी, अठरा गाड्यांची, उद्या गुरुवारी सकाळी पावणेसातला ओढ्याच्या फाट्यावरून सुटेल.