फुकटचं नको

१४ जुलै. मी शिडीवर चढून छपराच्या पन्हाळीतला पाला काढत होते. खाली शिडी धरून आमचे शेजारी उभे होते. ते पुण्याचे इंजिनियर, इथे परदेशात, जॉन्सनव्हिलला येऊन आठ महिने झालेत. आमच्याकडून भाजीचा डबा गेला, तर तो रिकामा कधी परत येत नाही. चहालाही तीनदा नको म्हणतात.

आज मधेच ते पोट धरून दारातल्या पायरीवर बसले. पित्ताशयात खडे आहेत म्हणाले. सरकारी हॉस्पिटलने ऑपरेशनची तारीख दिली होती, ती त्यांनी नाकारली.

"फुकट घ्यायला बरं वाटत नाही, वहिनी. डिसेंबरात पुण्याला करून घेईन."

"तुमचा वर्क व्हिसा तीन वर्षांचा; इथे दोन वर्षांचा असला तरी उपचारांचा हक्क मिळतो. आणि पगारातून टॅक्स कापतात, तो काय फटाक्यांना जातो?"

"आठच महिन्यांचा. इथली माणसं जन्मभर भरतायत."

"मग तुम्हीही भरा जन्मभर. त्यासाठी आधी जगायला हवं."

ते हसायला गेले आणि कळवळले. घरी जाताना मात्र, विचार करतो, एवढंच म्हणाले.

१५ जुलै. सकाळी आठ वाजता मी त्यांना आमच्या स्वयंपाकघरात बसवलं, हॉस्पिटलला फोन लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर फोन त्यांच्या हातात दिला.