एकसष्टाव्या पानावरची नदी

छापखान्यात त्याला सगळे लालपेन म्हणायचे. शाळेची पुस्तकं छापायच्या आधीचं शेवटचं वाचन त्याचं. ओळीखाली लाकडी पट्टी धरायची, चूक दिसली की लाल खूण करायची आणि पान निर्दोष वाटलं की खाली सही ठोकायची. तेवीस वर्षं हेच. एवढ्या वर्षांत शाळेच्या एकाही विषयाबद्दल त्याच्या तोंडून चांगला शब्द निघाला नव्हता. इतिहास म्हणजे मेलेल्यांच्या उखाळ्यापाखाळ्या, नागरिकशास्त्र म्हणजे कुणीच न पाळायच्या नियमांची यादी. आणि भूगोलाचं तर नाव काढलं तरी त्याला जांभई यायची. लेखकांना तो अडाणी समजायचा, मास्तरांना पोपट, आणि मालकाला अक्षरशत्रू. स्वतःला काय समजायचा ते सांगायला नको.

अशा माणसाची पोरगी नववीत भूगोलात दोनदा आपटली. तिसऱ्यांदा नापास झाली तर नाव काढून टाकू, असं शाळेनं पत्रानं कळवलं. सोबत उपदेशही होता, की पालकांनी मुलीच्या मनात विषयाची गोडी निर्माण करावी.

"गोडी म्हणे!" लालपेननं ते पत्र घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारलं. "कारलं साखरेत घोळलं तरी कडूच."

"मग मी करू तरी काय?" पोरगी रडकुंडीला आली होती. "बाबा, पहिली ओळ वाचली की झोप येते मला. त्या नद्यांशी माझा काय संबंध?"

"काही नाही. विषय भिकार आहे, मला मान्य. पण भिकार म्हणायला आधी वाचावा लागतो." त्यानं आपली जुनी पट्टी तिच्यापुढे टाकली. "ही ओळीखाली धर. शिकायला म्हणून वाचूच नकोस. भांडकुदळ शेजारणीचं पत्र आलंय असं समज. कुठं थाप मारली, कुठं घसरली, ते हुडकून वहीत लिही."

"हे काय शिकवणं झालं?" स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली.

पण मात्रा लागू पडली. नावं ठेवायची परवानगी मिळाली म्हटल्यावर पोरगी पुस्तकाला चिकटून बसू लागली. "बाबा, ऐका. 'पाऊस पडल्याने जमीन ओली होते.' या माणसाला दुसरा काही उद्योग नव्हता?" रोज असलं काहीतरी हाती लागायचं. आता, शिव्या घालायच्या तर धडा समजून घ्यावाच लागतो, त्यामुळे न आवडताही तो डोक्यात बसायचा. वही भरत चालली आणि लालपेनची मान ताठ होत चालली. वही उघडून बघायची तसदी मात्र त्यानं घेतली नाही.

वार्षिक परीक्षेत तिनं बरे गुण मिळवले, पण सहामाहीत असे दिवे लावले होते की बेरीज तीन गुणांनी कमी पडली. लालपेननं उत्तरपत्रिका हिसकावून घेतली. नदीच्या आकृतीला चारपैकी भोपळा.

"गाढवे, पुस्तकातली साधी आकृती काढता येत नाही?" तो ओरडला आणि पुस्तक उघडून पान एकसष्ट तिच्या नाकासमोर धरलं. मग त्याचं स्वतःचंच लक्ष गेलं. वर डोंगर, खाली समुद्र, आणि पाण्याची दिशा दाखवणारे ठळक बाण समुद्राकडून डोंगराकडे.

"नदी डोंगर चढते का, बाबा?" पोरीनं विचारलं. "मी उतरती काढली, म्हणून भोपळा. वहीत लिहिलं होतं मी. तुम्ही बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं छापखान्याच्या कपाटातून तपासणीचे जुने कागद काढले. अकरा वर्षांपूर्वीचे. साठ, एकसष्ट, बासष्ट, एकाही पानावर लाल खूण नाही. खाली सही मात्र झोकात, आणि तिचं शेपूट घसरलेलं. जेवणानंतर डोळे मिटत असले की त्याची सही अशीच पडायची. अकरा वर्षं पोरांनी हे पाठ केलं, मास्तरांनी गुण वाटले, आणि पाणी चढतंय कसं अशी शंका कुणाच्या बापाला आली नाही. या बापालाही नाही. कागद फाडून टाकणं सोपं होतं. त्यानं एकसष्टावं पान घडी करून खिशात घातलं आणि उत्तरपत्रिका व लेकीला घेऊन तो शाळेत गेला.

"पुस्तकात आहे तेच बरोबर," भूगोलाचे सर मान वर न करता म्हणाले. "अहो, छापायच्या आधी कुणीतरी जाणत्या माणसानं तपासलंच असेल ना? त्याच्यापेक्षा तुमची मुलगी शहाणी?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं शिक्षक वह्या तपासायचे थांबले. जगाला मूर्ख म्हणायला लालपेनला कधी कष्ट पडले नव्हते. त्यानं घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला आणि सहीवर बोट टेकवलं.

"तो जाणता माणूस मीच. न वाचता सही केली होती मी," तो म्हणाला. "मुलगी शहाणी आहे."

सरांनी कागद पाहिला, पुस्तक पाहिलं, मुलीची आकृती पाहिली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मग त्यांनी भोपळ्यावर काट मारली आणि शेजारी चार लिहिले.

शाळेचा जिना उतरताना लालपेनला वाटलं, पोर आता दोन गोड शब्द बोलेल.

"बाबा, पुढच्या वर्षीचं भूगोलाचं पुस्तक आलंय का छापायला?"

"आलंय. मंगळवारी सही करायची आहे."

"आधी घरी आणा. मी वाचते. तुमचा काही भरवसा नाही," ती म्हणाली. "आणि पट्टी परत मागू नका."