कोमट पाण्याचा तांब्या

कमलकाकूला मी शेवटचं बोलताना ऐकलं ते सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात, दुपारच्या भेटीच्या वेळी. खाटेच्या एका बाजूला तिचा मुलगा प्रमोद, पुण्याहून धावत आलेला. दुसऱ्या बाजूला मी, तिची पुतणी. आणि पायाशी आमच्या मंडळीचे तरुण पाळक, हातात पाण्याची छोटी बाटली घेऊन. डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून प्रमोदनेच त्यांना बोलावून आणलं होतं. काकू जन्माने हिंदू. लग्न करून आमच्या ख्रिस्ती घरात आली, दर रविवारी चर्चला आली, पण बाप्तिस्मा मात्र तिने जन्मभर घेतला नाही. पाळक वाकून म्हणाले, "आजी, अजून वेळ आहे. मी पाणी आणलंय. घ्यायचा का बाप्तिस्मा?" काकूने डोळे उघडले. ती पूर्ण शुद्धीवर होती, हे मी शपथेवर सांगते. म्हणाली, "पोरीला इचारून सांगते की." पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, पोर म्हणजे मी. प्रमोदने मात्र तोंड फिरवलं, कारण त्याला माहीत होतं, त्याच्या जन्माआधी त्याला एक बहीण होती आणि ती पाळण्यातच गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गेली. विचारून झालं का, उत्तर काय आलं, ते काही कळलं नाही. तेव्हापासून तिचं ते वाक्य माझ्या घरात राहायला आलंय. मी भाजी निवडत असते आणि ते शेजारी येऊन बसतं...

काकू होटगीची. वडील रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीवर. माझ्या काकांनी तिला कुठे पाहिलं आणि कसं पटवलं यावर आमच्या घरात अनेक आवृत्त्या आहेत, आणि सगळ्या काकांनीच सांगितलेल्या असल्यामुळे एकीवरही माझा विश्वास नाही. लग्न कचेरीत झालं. आजीने, म्हणजे काकूच्या सासूने, एकच अट घातली होती : पहिलं मूल होईल त्याच्याबरोबर सुनेनेही बाप्तिस्मा घ्यायचा. काकू हसत हो म्हणाली होती. पुढे ती जन्मभर शेवटच्या बाकावर भिंतीकडेला बसली. प्रभुभोजनाचं, भाकर-द्राक्षरसाचं तबक आलं की दोन्ही हातांनी घ्यायची, जपून, एक थेंब न सांडता, आणि स्वतः न घेता पुढच्या माणसाच्या हातात द्यायची. नव्याने आलेली माणसं कुजबुजत. जुन्यांना सवय झाली होती. मी लहानपणी एकदा विचारलं, "काकू, तू का गं घेत नाहीस?" तर म्हणाली, "माजी भूक येगळी हाय," आणि माझ्या हातावर पेपरमिंट ठेवलं. शिक्षिकेच्या पेशात मी पुढे पुष्कळ मुलांची तोंडं बंद केली, पण इतक्या सफाईने नाही.

आणि याच बाईकडे बाप्तिस्म्याच्या पाण्याचं काम होतं. कुणी सोपवलं नव्हतं, तिने ते घेतलं होतं. आमच्याकडे तान्ह्या मुलांच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. ज्या रविवारी तो असेल त्या रविवारी काकू घरून तांब्याभर पाणी गरम करून आणायची. तांब्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला, रिक्षात मांडीवर धरलेला, जसं काही त्यात जीव आहे. उपासनेआधी मागच्या दाराने आत जाऊन ते पाणी पात्रात ओतायची, पदर सावरून कोपर बुडवून बघायची आणि गुपचूप आपल्या बाकावर येऊन बसायची. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला मुलं रडत नाहीत, अशी त्यामुळे ख्यातीच झाली. एकामागून एक पाळक बदलून आले आणि प्रत्येकाला वाटलं, ही आपल्या हाताची कृपा आहे. एकांनी तर त्यावर प्रवचन दिलं. काकूने ते मान डोलावत ऐकलं.

तिची आणखी एक तऱ्हा होती. ती कुणालाही 'थांब' म्हणत नसे. भाजीवाला पुढे गेला तर हाक न मारता चपला ओढत त्याच्यामागे जायची. सात रस्त्यावर आमच्या डोळ्यांदेखत एकदा बस सुटली, दोन पावलांवर होती, आणि ही तोंड मिटून नुसती बघत राहिली. मीच ओरडले, बस थांबली, आणि चढल्यावर मी तिच्यावर डाफरले, "तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?" ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. प्रमोद लहानपणी रस्त्यावर पळत सुटला तरी ती 'थांब' न म्हणता त्याच्यामागे पळायची. आम्हाला ते गमतीचं वाटायचं. आम्ही तिची नक्कलसुद्धा करायचो.

मी निवृत्त झाल्यावर एकदा, डिसेंबरातल्या अशाच एका बाप्तिस्म्याच्या सकाळी, तिला न्यायला गेले. ती ओट्याशी उभी होती, गॅसवर तांब्या, आणि तोंड भिंतीकडे. मी म्हटलं, "काकू, या वयात कशाला ही यातायात? चर्चच्या स्वयंपाकघरात गॅस आहे, नाहीतर मी एक हीटर घेऊन देते." तांब्यातलं पाणी सूं सूं करायला लागलं. काकूने एकदम गॅस बंद केला, स्टुलावर बसली आणि कधी नव्हे ते सांगू लागली.

"पोर दूध वडंना. अंग गार पडाय लागलं. सासूबाई म्हनल्या, आत्ताच बाप्तिस्मा उरकून घ्या, आन् मान्सं धाडून पाळकांना आनलं. सायकलवर आले बिचारे. लई थंडी पडलीवती. बादलीतलं पानी असं, हात घातला तर झिणझिण्या. मी पोरीला तीन गोधड्यांत गुंडाळलेलं, आन् तिच्या टाळूवर हे पानी? मी म्हनलं, थांबा जरा, पानी गार हाय. गरम करते. पाळक म्हनले, करा बाई. थांबले. स्टो लवकर पेटंना. पेटला. पानी ठिवलं... पानी बोलाय लागलं आन् आतनं सासूबाई वरडल्या."

तिने पदराने ओटा पुसला. तो कोरडाच होता.

"तांब्या घिऊन गेले मी. पाळक हुबेच हुते, हात फुडं करून. कुनाच्या डोक्यावर वतायचं?"

आजीने त्यानंतर काकूला एकच वाक्य ऐकवलं : गरम पाण्यावाचून काय अडलं होतं? पुन्हा कधी ते उच्चारलं नाही, पण एकदाही पुरेसं होतं. त्या काळच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, बाप्तिस्मा न झालेलं मूल क्रुसांच्या रांगेत नको. मुलीला कबरस्तानाच्या भिंतीकडेला पुरलं, जिथे अशी आणखी काही मुलं होती. नाव बाप्तिस्म्याच्या वेळी पुकारायचं, तसं ते राहूनच गेलं. काकूने मनात एक नाव ठरवलं होतं. ते तिने काकांनाही सांगितलं नाही. स्वतःचा बाप्तिस्मा त्याच दिवशी व्हायचा होता, तोही तिने घेतला नाही, पुढे कधीच नाही. प्रमोद झाला तेव्हा मात्र, "त्याला द्या," म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

मी विज्ञान शिकवलेली बाई, आणि वाद घालण्यात आमच्या घराण्यात माझा हात कुणी धरत नाही. त्या सकाळी मी कंबर कसली. म्हटलं, "काकू, प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर तो चोर होता ना? त्याला कुणी दिला बाप्तिस्मा? तरी त्याला सुखलोक मिळाला. पाणी लागतंच असं कुठंय?"

"त्याला टाइमच न्हवता गं," काकू म्हणाली. "माज्या पोरीला हुता. पानी दारात आलतं. म्या थांबवलं."

मी तिचा तांब्या टॉवेलमध्ये गुंडाळून दिला. पुढे मी बऱ्याच जणांना विचारलं. एका वृद्ध उपदेशकांनी ठामपणे सांगितलं की पाण्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही, शास्त्रात तसं आहे. मी त्यांच्याशी इतकी भांडले की त्यांच्या सुनेने केलेला चहा तसाच राहिला. दुसऱ्या एकांनी सांगितलं, तारण विश्वासाने आणि कृपेने होतं, पाणी ही त्याची खूण, आणि तान्ह्या बाळाला देव कशाला लोटेल? हे मी धावत येऊन काकूला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आपल्याला जायचं नाही त्या गावच्या गाडीची वेळ ऐकावी तसं. मी चिडून म्हटलं, "मग तू तरी घे बाप्तिस्मा!" तर म्हणाली, "आन् मी वर गेले आन् ती तितं नसली तर? एकली काय करू मी?" मी विचारलं, "आणि असली तर?" या विषयावर काकू पहिल्यांदा हसली. "असली तर पान्याचं येवडं काय? मग मीबी जाईन की तशीच."

तिला पुरायची वेळ आली तेव्हा कबरस्तानाच्या कमिटीतले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण बाप्तिस्मा नाही, नियम आहे... भिंतीकडेला चालेल का?" मला हसू फुटलं. लोकांना वाटलं, दुःखाने हिचा तोल गेला. कबरी सजवायच्या दिवशी काकू दरवर्षी त्या भिंतीशी बाभळीच्या खोडाजवळ शेवंतीची फुलं ठेवायची. सोबत मी असायचे, म्हणून ती जागा मला माहीत होती. मी उभं राहून तिथेच शेजारी खणून घेतलं. ज्या नियमाने तिची पोर तिकडे गेली त्याच नियमाने तीही गेली. तिला आयुष्यात हवं असलेलं एवढं एकच न भांडता मिळालं.

प्रमोदला मात्र ते सोसलं नाही. माती लोटून झाल्यावर त्याने पाळकांचा हात धरला. "साहेब, माझी आई कुठे आहे? खरं सांगा." पाळकांनी त्याच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. मग म्हणाले, "प्रमोदभाऊ, मला एक उत्तर शिकवलंय. पण इथं उभं राहून मला ते देता येत नाही." मला तो तरुण पाळक त्या दिवसापासून आवडायला लागला. प्रमोद अजून पुण्याहून फोन करतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि ठेवता ठेवता विचारतो, "ताई, तिनं विचारलं असेल का गं?" मी म्हणते, असेल. फोन ठेवल्यावर मी पाणी प्यायला उठते आणि नळाखाली पेला धरून तशीच उभी राहते.

परवाच्या रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्मा होता, काकू गेल्यानंतरचा पहिलाच. एका तरुण जोडप्याची पहिली मुलगी, लोकरीच्या टोपीत बुडालेली. मी काकूच्या जागेवर बसले होते. गीत संपलं, आईने टोपी काढली, पाळकांनी मुलीला हातावर घेतलं आणि पाण्यात बोटं बुडवली. त्यांचा हात दचकून मागे आला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं... पाणी टाकीतलं होतं, डिसेंबरातल्या सकाळचं. काकू गेली हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती पाणी तापवून आणायची हे तिथे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी उठून उभी राहिले. तोंडातून शब्द निघाले ते माझ्या आवाजात होते, एवढंच मी सांगू शकते.

"थांबा जरा. पाणी गार आहे."

सगळं चर्च वळून बघायला लागलं. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मुलीला छातीशी धरून उभे राहिले. मी मागच्या स्वयंपाकघरात गेले. फळीवर काकूचा तांब्या होता, शेवटच्या खेपेला तिच्याकडून तिथेच राहिलेला, टॉवेलसकट. गॅस पेटवला. पाणी ठेवलं.  पाणी किती वेळात तापतं हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलंय, पण त्या दिवशी ते तापेचना. आतून कुणी ओरडतंय का, म्हणून मी कान देऊन उभी. पाणी सूं सूं करायला लागलं. हे ती दर वेळी ऐकत होती. दर वेळी, भिंतीकडे तोंड करून.

मी कोपर बुडवून पाहिलं आणि धावत आत गेले. मुलगी जागी होती, तोंडात मूठ घालून वरच्या पंख्याकडे बघत होती. पाळकांनी तिचं नाव पुकारलं, टाळूवर पाणी घातलं. ती रडली नाही.

मी बाकावर येऊन बसले, रिकामा तांब्या मांडीवर घेतला आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही. पाळक थांबले होते. अख्खं चर्च थांबलं होतं, कुणी खाकरलंसुद्धा नाही. त्या दिवशी, काकू, तुझ्या दारातही पाळक हात पुढे करून थांबले होते. बाळाला गार लागू नये म्हणून माणसं थांबतात गं... मग देव तेवढा थांबला नसेल का?

तांब्या अजून कोमट होता. तो निवेपर्यंत मी तसाच धरून बसले.