गुंडाळलेला तक्ता

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. तुम्हाला पटायचं नाही म्हणा — माझ्या पोटात काही राहत नाही अशी तिसगावात ख्याती. मुख्याध्यापक साहेबांच्या स्कूटरला आपली समजून अर्धा तास किक मारत बसलो, ते सांगितलं. चर्चच्या प्रीतिभोजनात आमटीत दोनदा मीठ घातलं, तेही सांगितलं. हे नाही सांगितलं. फजितीत निदान जखम आपल्याला होते. इथे — पण थांबा, शाळेपासून सुरुवात करतो.

मी विज्ञान शिकवायचो. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा पाठ यायचा, आणि तो आला की आमच्याकडे एक रीत होती. मास्तर खडू खाली ठेवायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "हे घरी वाचून घ्या." मुली मान खाली घालायच्या, मागच्या बाकांवर खोकल्याची साथ यायची. प्रयोगशाळेत पुरुष प्रजनन संस्थेचा एक रंगीत तक्ता होता. तो गुंडाळून, सुतळीनं बांधून कपाटावर ठेवलेला. मी सहा वर्षांत एकदाही सोडला नव्हता. इतकी सुरक्षित जागा अख्ख्या शाळेत दुसरी नव्हती — हे लक्षात ठेवा.

लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं. सुलभाच्या — माझ्या बायकोच्या — सगळ्या तपासण्या झाल्या. नगरला सावेडीतल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, सर, तुमचीही एक करून टाका. मी एकटाच लॅबमध्ये गेलो. दोन दिवसांनी कागद हातात आला. शुक्राणू — शून्य.

करंजी घाटात एसटी वळणं घेत होती आणि मी तो कागद उलटा-सुलटा करून बघत होतो. जणू दुसऱ्या बाजूला काही निघेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दार लावून तक्ता सोडला. विज्ञानाच्या मास्तरानं तो पाठ तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला! वृषणात केसासारख्या बारीक नलिकांची वेटोळी. त्यांच्या भिंतीत साध्या गोल पेशी. त्या विभागतात, शेचाळीस गुणसूत्रांची तेवीस होतात, मग एकेकीला शेपूट फुटतं. सत्तर-बहात्तर दिवस लागतात. पुढे अधिवृषणात पंधरवडाभर मुरल्यावर कुठे पोहायचं अंगात येतं. आणि हे सगळं अंगापेक्षा दोन-तीन अंश थंड जागेत — म्हणून तर निसर्गानं ती पिशवी बाहेर टांगलेली. शुगर फॅक्टरी बॉयलर तापल्याशिवाय चालत नाही. ही फॅक्टरी तापली की बंद पडते.

आणि मला दोन महिन्यांपूर्वी टायफॉइड झाला होता!

केवढा आनंद झाला म्हणून सांगू. आज निघालेला कांदा म्हणजे तीन महिन्यांपूर्वी लावलेलं रोप — ते तापात जळालं, एवढंच. नवं रोप येईल. मी कागद तक्त्यात गुंडाळला, सुतळी बांधली आणि घरी सांगितलं, "माझं सगळं व्यवस्थित आहे." तीन महिन्यांचं तर खोटं. एवढं चालतं की नाही?

तीन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. शून्य.

आता ताप नव्हता. आता फक्त मी होतो.

दर गुरुवारी आमच्या घरी बायकांची प्रार्थनासभा भरायची. आमच्यात गुप्त प्रार्थना फार कमी. सगळं नाव घेऊन, मोठ्यानं. मालनमावशी सुलभाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "प्रभू, या लेकराची कूस उघड रे बाबा. काय दोष असंल तर धुऊन काढ." सुलभा डोळे मिटून बसलेली. सभा संपताना सगळ्यांनी आमेन म्हणायचं. मीही म्हणायचो — खणखणीत. वर्गात आवाज बसलेला असला तरी गुरुवारी सुटायचा.

मग डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलं. पोटाला छेद देऊन आत बघायचं. "सरांचा रिपोर्ट मात्र फाइलला लावा," त्या म्हणाल्या.

इथे मी थांबू शकलो असतो. थांबलो का? शाळेच्या कॉम्प्युटरवर मी पहिल्या कागदासारखा हुबेहूब कागद तयार केला. आकडा कुठला टाकायचा? दोन कोटींत भागलं असतं. पण खोटंच बोलायचं तर हात आखडता कशाला — मी अठरा कोटी टाकले. बाईंनी भुवया उंचावल्या. "वा, सर! दमदार आकडा आहे की." आणि ऐका, मला बरं वाटलं. आतून, खरोखर बरं वाटलं. असा माणूस मी.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनं कागद पुढे केला. "हितं सही करा, सर." केली. सुलभानं बांगड्या आणि क्रूसाचं मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं, माझ्या हातात दिलं. हिरवा गाऊन तिला फार मोठा होत होता.

"अहो, तोंड का असं पाडलंय? तुमचं तर नीट हाय ना सगळं," ती म्हणाली. "माझं काय आसंल ते निघंल आज. बरंच झालं."

आत न्यायला पाचेक मिनिटं होती. भिंतीवर घड्याळ होतं, मी काटा बघत होतो. एक वाक्य लागत होतं. चार शब्दांचं. तिची चप्पल सरळ करून ठेवली. रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. स्ट्रेचरची चाकं वाजली, आणि मी तोंड उघडलं.

"मी चहा घेऊन येतो."

आणि खरंच घेतला. खारी बुडवून.

निघालं काहीच नाही. सगळं निरोगी. बाई म्हणाल्या, "होतं असं कधी कधी. दोघांतही दोष नाही." पण घरी आईचा निकाल आधीच लागलेला. "डाक्टरला काय कळतंय? बी चांगलं हाय म्हनल्यावर जमिनीतच खोट." सुलभा मूल दत्तक घेऊ म्हणाली, दोनदा म्हणाली. आई म्हणाली, "माझ्या पोराचं आठरा कोटी आस्ताना परक्याचं कशापायी?" तो आकडा तिला मीच ऐकवला होता. मी जेवत होतो. जेवत राहिलो.

पुढच्या गुरुवारी सुलभानं स्वतः प्रार्थना केली. टाके ओले होते, म्हणून बसूनच. "प्रभू, माझ्या मालकात काही उणं ठेवलं न्हाई, त्याबद्दल तुझे उपकार. त्यांना सोसवलं नसतं." मालनमावशींना हुंदका आला. सगळे थांबले होते. मी म्हणालो — आमेन.

याला वीस वर्षं झाली. आई गेली, मालनमावशी गेल्या. सुलभाच्या पोटावर तीन बारीक खुणा आहेत, पावसाळ्यात खाजतात म्हणते. निवृत्तीच्या दिवशी शाळेतून मी फक्त तो तक्ता मागून घेतला. सगळे हसले. सरांना आता कशाला हवाय तो!

मी जे काही लिहितो ते सुलभा आधी वाचते. ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, हसते, "काय बाई माणूस हाय" म्हणते, मग मी ते छापायला पाठवतो. तीच रीत आजही. ही पानं जेवणाच्या टेबलावर ठेवली आहेत. मागे तक्त्यातले ते दोन जुने शून्याचे कागद टाचले आहेत, सुतळीचे वळ अजून दिसतात त्यांच्यावर.

ती आता चष्मा शोधते आहे. मला विचारलं, "अहो, कुठं ठिवलाय, बघितला का?"

फ्रिजवर आहे, मी सांगितलं.