बाई उभ्या राहणार

बाईंचं आणि हेडमास्तरांचं भांडण मी जिन्यात ऐकलं. कान लावला नव्हता, जिना पुसत होते. पण हात थांबला हे खरं.

"खरं सांगा बाई, तुम्ही उभ्या राहणार?"

"राहणारच. आधी मी, मग मुलं!"

"मुलंसुद्धा? मग आजपासून त्यांना वॉर्डाच्या सभेला न्यायचं बंद!" हेडमास्तर तावातावानं उतरले आणि माझ्या ओल्या पायरीवर घसरता घसरता वाचले.

समोरच्या घरातल्या या बाई आठवीला नागरिकशास्त्र शिकवत. दर महिन्याला वर्ग घेऊन सभेला जात. शाळेपुढच्या रस्त्यावर गतिरोधक हवा, हे मुलांनीच तिथे मागायचं ठरलं होतं. पण निवडणूक तोंडावर आलेली.

"आई, फुकट कोण लोकांची पोरं घेऊन हिंडतं?" आमची सून म्हणाली. मलाही पटलं. मी दाराच्या फटीतून पाळत ठेवली. एकदा बाई काखेत गुंडाळी मारून आल्या. पोस्टरच! उलगडली तर जगाचा नकाशा.

अर्ज भरायची मुदत संपली, बाईंचा अर्ज नाही. सून म्हणे, "नवऱ्याला उभं करतील." तो माणूस हाका मारल्याशिवाय जेवायला उठत नसे, तो कसला उभा राहतोय!

शेवटी आमच्या नातीनं शाळेत विचारलं, "सर, सभेत हात वर करायचा, उभं राहायचं, नाव सांगून प्रश्न विचारायचा. बाई आधी स्वतः उभ्या राहून दाखवतात. ते का बंद?"

"हे उभं राहणं होय!" हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. सभेला जाणं पुन्हा सुरू झालं, पण संशय कुठे जातो? लक्ष ठेवायला शिपाई सोबत दिला. दोन-तीन खेपांनी तोच उठून आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचं विचारायला लागला.

गतिरोधकाला मात्र "बघू" याखेरीज उत्तर नव्हतं. पुढे बाई वारल्या, त्याच्या आदल्या आठवड्यातही त्या वर्ग घेऊन सभेला गेल्याच. नेहमीसारख्या मागच्या बाकावर बसल्या. एक मुलगी उठली, अडखळली. बाईंनी शब्द पुरवला नाही.

"पुढच्या महिन्यात बघू," वॉर्डाचे साहेब म्हणाले.

"तारीख सांगा," मुलगी म्हणाली.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तारीख दिली. बाईंनी मुलांना शाळेच्या फाटकात सोडलं, रस्ता ओलांडला आणि भाजी घेऊन घरी आल्या.